नियम चार आणि उदगीर

बुधवारी सकाळी अकरा वीसला मी बोर्डावर लिहिलं, ‘उदगीर चीटर आहे. भिंतीपलीकडचं बघतो.’ अकरा एकतीसला मला सात दिवसांची बंदी आली.

मधली अकरा मिनिटं फार छान गेली. एकोणीस जणांनी खाली उत्तरं लिहिली. कुणी म्हणालं, मला आधीपासूनच डाउट होता. कुणी म्हणालं, हाकला साल्याला. त्यातले निम्मे उदगीरशी कधी खेळलेलेसुद्धा नव्हते.

बोर्ड म्हणजे आमच्या गेमच्या साइटवरचा. गेम साधा आहे. पाच विरुद्ध पाच, सगळ्यांकडे बंदुका. एक टीम बॉम्ब ठेवते, दुसरी अडवते. दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरीदाबाद, सगळीकडची पोरं एकाच सर्व्हरवर खेळायची आणि त्याच्या बोर्डावर येऊन भांडायची. भांडायचे नऊ नियम होते. चौथा असा: कुठल्याही खेळाडूवर बोर्डावर चीटिंगचा आरोप करायचा नाही. संशय असेल तर मॅचचं रेकॉर्डिंग ॲडमिनला खासगीत पाठवायचं. बोर्डावर नाव घेणाऱ्याला सात दिवस बंदी. आरोप खरा निघाला तरी सात दिवस.

त्या शेवटच्या वाक्यावर माझं डोकं फिरलं. खरा निघाला तरी?

आणि फायनल रविवारी होती. गुडगावच्या एका नव्या मॉलमध्ये, तळमजल्यावर, लॉटरीत ठेवलेल्या गाडीच्या शेजारी स्टेज. स्टेजवर एका बाजूला पाच खुर्च्या, दुसऱ्या बाजूला पाच. त्यातली एक माझी. बुधवार ते बुधवार बंदी म्हणजे रविवारी माझ्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी.

मी रसिका. गेममध्ये माझं नाव विंचू. मी मुलगी आहे हे आमच्या टीममध्ये फक्त निहारला माहीत होतं. निहार आमचा कॅप्टन, आमच्याच सोसायटीत बी ब्लॉकमध्ये राहायचा. मी अकरावीत शाळा सोडली तेव्हा सगळ्यांनी मला समजावलं. निहार एवढंच म्हणाला, “अच्छा, म्हणजे आता दुपारी पण प्रॅक्टिस करता येईल.” म्हणून तो मला आवडायचा. म्हणजे तसा नाही. माणूस म्हणून.

शाळेचं पण सांगून टाकते. फिजिक्सचे सर ट्यूशनच्या मुलांना आधीच पेपर देतात, हे मी भर वर्गात उभं राहून सांगितलं. प्रिन्सिपल म्हणाले, लेखी तक्रार दे. मी म्हटलं, तोंडी दिली ना, चाळीस जणांसमोर. मग आवाज चढले, माझा जास्त, आणि मी दप्तर घेऊन घरी आले ती आलेच. तेव्हा मी बरोबर होते. हे महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे मला सवय लागली.

उदगीरचं तसंच होतं. मंगळवारी दुपारी बारा वाजता प्रॅक्टिस मॅच. मी एका गोदामाच्या भिंतीमागे बसलेली. हलत नव्हते, आवाज नाही. पलीकडून हा उदगीर आला आणि त्याने भिंतीकडे बंदूक वळवली. मी डावीकडे सरकले, बंदूक डावीकडे. मी थांबले, बंदूक थांबली. मग मी बाहेर आले आणि त्याने मला मारलं. सर्व्हरवर प्रत्येक मॅचचं रेकॉर्डिंग राहतं, ज्याला हवं त्याने हव्या त्या खेळाडूच्या डोळ्यांनी बघावं. मी चार वेळा बघितलं. चारही वेळा माझा संताप झाला.

‘उदगीर’ म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मला वाटलं एखादा डायनासोर असेल.

बंदी आल्यावर फक्त ॲडमिनला लिहिता येतं. त्याचं नाव ‘ॲडमिन २’. रेकॉर्डिंग चार वेळा बघितलंय असं सांगून मी त्याला इंग्रजी अक्षरांत मराठी शिव्या लिहिल्या. दिल्लीत ही एक सोय असते, कुणाला कळत नाही.

चार मिनिटांनी उत्तर आलं, तसंच, मराठीत: ‘मराठी शिव्या नियम सहाखाली येतात. या वेळी समज देऊन सोडत आहे. बंदीविरुद्ध अपील करायचं असल्यास शुक्रवारी दुपारी दीड ते दोन, कस्तुरबा गांधी मार्ग, आपल्या राज्याचं गेस्ट हाऊस, बुकिंगच्या खिडकीवर भेटावं. ओळखपत्र आणावं.’

मी आईला सांगितलं, कॉम्प्युटरच्या परीक्षेचं काम आहे. आई म्हणाली, “चल, निदान कसली तरी परीक्षा आहे.” फरीदाबादहून शटल ट्रेन पकडली, टिळक ब्रिजला उतरले, मंडी हाऊसवरून चालत गेले. ऊन होतं. वाटेत मी काय काय बोलायचं ते मोठ्याने म्हणून बघितलं. एक माळी माझ्याकडे बघत राहिला.

बुकिंगच्या खिडकीत पन्नाशीचे एक काका होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, समोर डबा. टेबलावर पाटी, मुरलीधर.

“मी विंचू,” मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. इतर कुणीही म्हणालं असतं, अरे, मुलगी. ते म्हणाले, “ओळखपत्र?”

माझ्याकडे शाळेचं जुनं होतं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत केलं. “मुदत संपलीय. चालेल. आत या.”

आतल्या खोलीत बाकावर एक दाढी वाढलेला मुलगा बसला होता. पंचविशीचा असेल. मांडीवर जाड पुस्तक, त्यात तीन रंगांच्या रेघा.

“हे उदगीर,” मुरलीधर काका म्हणाले. “ही विंचू. बसा.”

मी बसले नाही. “हाच का?”

“नमस्कार,” तो म्हणाला. “नरसिंह. उदगीर माझं गाव आहे. लातूर जिल्हा.”

“माहितीय मला,” मी म्हटलं. माहीत नव्हतं.

“तुम्ही चार वेळा रेकॉर्डिंग बघितलं म्हणे. मी कधी खेळतो माहितीय? आठवड्यातून एक तास. मंगळवारी चार ते पाच. मामींकडे राहतो, फरीदाबादला, त्यांच्या मार्केटमधल्या सायबर कॅफेत. यूपीएससीचा हा शेवटचा अटेम्प्ट आहे माझा. तेवढा एक तास सोडला तर मी माणसाशी बोलत नाही.”

“मग मंगळवारी बारा वाजता भिंतीतून कोण बघत होतं? मामी?”

त्याने पुस्तकातून एक चिठ्ठी काढली. मंगळवार, सकाळी दहा ते एक, राजिंदर नगर, टेस्ट सिरीजचा पेपर. शिक्का होता.

मुरलीधर काकांनी सोबत आणलेला डबा उघडून भाकरीचा तुकडा मोडला. “कॅफेच्या मशीनवर आधीच्या माणसाचं नाव तसंच राहतं. पुढचा बसला आणि त्याने बदललं नाही, तर पुढचा पण उदगीर. मला पत्ता दिसतो तो कॅफेचा. माणसाचा दिसत नाही. म्हणून नियम चार.”

मी बसले.

हे मला कळायला हवं होतं. मी घरून खेळायचे, कॅफेत माणसं बघत बसतात म्हणून. पण एवढी अक्कल मला असायला हवी होती.

“काल मार्केटमध्ये कॅफेतली दोन पोरं मला बघून भिंतीमागे लपली,” नरसिंह म्हणाला. “मी भाजी आणत होतो.”

मला हसू आलं. त्याला पण आलं, पण त्याचं लगेच गेलं.

“माझं खातं गोठवलंय यांनी,” तो म्हणाला. “मंगळवारचा तास गेला.”

“फाईल उघडी आहे,” काका म्हणाले. “मशीनवर खरा कोण होता ते कळलं की बंद होईल. मी बोर्डावर लिहीन, उदगीर निर्दोष. तोवर खातं गोठलेलं. आता तुमचं अपील. आरोप ज्याच्यावर झाला त्याने ना हरकत दिली, तर सात दिवसांचे तीन होतात. म्हणजे शनिवारी सुटाल. फायनल रविवारी आहे ना?”

नरसिंहाकडे बघणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी डब्यातल्या लोणच्याकडे बघितलं.

“कुठे सही करू?” नरसिंह म्हणाला.

“दादा, का?” मी म्हटलं.

“मुख्य परीक्षेत मी तीन वेळा अडकलोय. कुणाची फायनल चुकावी असं मला वाटत नाही. सॉरी मात्र म्हणा.”

मी सॉरी म्हटलं. मी ते नीट म्हणत नाही, मला सवय नाही. काकांनी ते पण लिहून घेतलं.

निघताना मी विचारलं, काका, तुम्ही ॲडमिन कसे? म्हणाले, बोर्ड त्यांच्या भाच्याने बनवला. भाचा अमेरिकेला गेला. “त्याच्या काळात नियमच नव्हते. नुसते मित्र होते.”

घरी आले तर बाबा लवकर आलेले. बाबा मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. पहाटे पावणेसहाला कंपनीची बस. शाळेबद्दल ते मला एक शब्द बोलले नव्हते. ओपन स्कूलचा फॉर्म मात्र आणून ठेवला होता, त्याचा मी माऊसपॅड केला होता.

“रविवारी स्टेजवर असणार ना तू?” ते म्हणाले. “मी शिफ्ट बदलून घेतलीय. आई पण येणार. कॅमेरा मागितलाय एकाचा.”

“हो,” मी म्हटलं. “आहे मी.” माझे कान गरम झाले होते. माझं काही बघायला बाबा शिफ्ट बदलून आलेत, असं आधी कधी झालं नव्हतं. तसं बघण्यासारखं पण काही नव्हतं.

आई चहा टाकत होती. मी पाचव्यांदा रेकॉर्डिंग लावलं. या वेळी राग नव्हता, त्यामुळे भिंत सोडून बाकीचं दिसलं.

गोदामात शिरायच्या आधी उदगीरने चाकू काढला. बंदूक काढली. परत चाकू. परत बंदूक. मग आत गेला. पुढच्या दारापाशी परत तेच. चाकू, बंदूक, चाकू, बंदूक.

हे मी हजार वेळा बघितलेलं होतं. टीममध्ये माझं काम निहारच्या मागून चालायचं, त्याची पाठ राखायची. तो प्रत्येक दारापाशी असं करतो. एकदा विचारलं तर म्हणाला होता, “लकी आहे यार.”

आईने चहा आणून ठेवला. तो मी प्यायले नाही.

शनिवारी सकाळी अकरा एकतीसला माझी बंदी उठली. बाराला मी बी ब्लॉकच्या मागे बॅडमिंटन कोर्टवर गेले. निहार एकटाच भिंतीवर शटल मारत होता.

“अरे विंचू! सुटलीस!” तो म्हणाला. “मी म्हटलं होतं ना, ॲडमिनला पटव म्हणून.”

“मंगळवारी बारा वाजता कुठे होतास?”

“कॉलेजला.”

“चाकू, बंदूक, चाकू, बंदूक.”

त्याच्या हातातून शटल पडलं. ते त्याने उचललं नाही. “धीरे बोल ना यार. वरती शर्माआंटी असतात.”

“शर्माआंटींना काय कळणार आहे?”

“ऐक. नाव मी टाकलं नव्हतं, मशीनवर होतंच. मी नुसतं सॉफ्टवेअर चालतं का बघत होतो. एकदाच.”

“माझ्यावर?”

“तुझ्यावरच. तूच सगळ्यांत अवघड आहेस. तू लपलेली सापडलीस म्हणजे कुणीही सापडेल.” हे तो असं म्हणाला जसं काही माझं कौतुकच करत होता. आणि खरं सांगते, एक सेकंद मला बरं वाटलं.

“रविवारी वापरणार होतास?”

“नाही! म्हणजे, पेन ड्राइव्हमध्ये ठेवणार. सेफ्टीसाठी. गाडीत स्टेपनी असते ना, तशी.”

“आणि त्या उदगीरचं काय? मार्केटमध्ये पोरं त्याला बघून भिंतीमागे लपतात.”

“त्याचं नाव मी घेतलं का बोर्डावर?” निहार म्हणाला. “तू घेतलंस.”

मी रॅकेट उचलली. मारायला नाही, नुसतीच उचलली. तो दोन पावलं मागे गेला.

“रसिका, बघ. दोन दिवसांत सगळे विसरतील. तू ॲडमिनला सांगितलंस तर पूर्ण टीम बाहेर. तू पण बाहेर. तुझे बाबा येणार आहेत ना? आणि बोर्डावर तर तू लिहूच शकत नाहीस. नियम चार.” तो हसला. “देख, पहिल्यांदा तो नियम कामाचा निघाला.”

“तू ते सॉफ्टवेअर आणलंसच कशाला? आपण जिंकतच होतो.”

“हारलो असतो तर?” तो म्हणाला. हे तो थट्टेने म्हणाला नाही.

मी रॅकेट खाली ठेवली आणि घरी आले.

आधी मी बोर्ड उघडला. पूर्ण लिहिलं. निहारचं नाव, ब्लॉक, कॉलेज, चाकू-बंदूक, स्टेपनी, सगळं. सोळा ओळी. मी रागात असले की चांगलं लिहिते. मग वाचलं. मग ते सगळं कापून काढलं आणि ॲडमिनला खासगीत पाठवलं. ब्लॉक आणि कॉलेज काढून टाकलं. खाली लिहिलं, ‘रेकॉर्डिंग सोबत. तिसरं आणि सातवं मिनिट बघा. मी याच टीममध्ये आहे.’

पाठवायच्या आधी मी बराच वेळ ओपन स्कूलच्या फॉर्मवर माऊस गोल फिरवला. शेवटी आई म्हणाली, काय गं, भोक पाडतेस का त्याला? तेव्हा दाबलं.

अडीच वाजता बोर्डावर लिहून आलं: ‘चौकशी पूर्ण. उदगीर निर्दोष. खातं सुरू. फायनलमधली एक टीम माघार घेत आहे. कारण विचारू नये.’ कारण बहात्तर जणांनी विचारलं. कुणीतरी हिशोब लावला की विंचूने खोटा आरोप केला, आता विंचूची टीम बाहेर, म्हणजे चीटर विंचूच. हे सगळ्यांना पटलं. तो लिहिणारा अकरा मिनिटांत बॅन झाला, पण पटायचं ते पटलं होतं.

मी त्यावर उत्तर टाइप केलं नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. निहारने मला फोनवरून काढून टाकलं, म्हणजे मी लावला की कट करायचा. बाकी तिघांनी तर विचारलं पण नाही.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, “उद्या नाही. कॅन्सल झालं.”

“फायनल?”

“फायनल आहे. आम्ही नाही.”

बाबांनी कॅमेऱ्याची केस बंद केली. “काही केलंस का?”

“हो,” मी म्हटलं. “पण या वेळी लेखी.”

त्यांनी केस टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “बरं.”

रविवारी सकाळी सर्व्हर रिकामा होता. सगळे गुडगावला. यादीत दोनच नावं, विंचू आणि उदगीर.

‘आज रविवार, टेस्ट नाही,’ त्याने लिहिलं. ‘एक तास आहे. खेळणार?’

मी खेळले. तो भयंकर वाईट खेळायचा. दारात अडकायचा, स्वतःच्याच बॉम्बवर उभा राहायचा. चार वेळा रेकॉर्डिंग बघण्याऐवजी मी याच्याशी एकदा खेळले असते तर सगळा प्रश्न मिटला असता.

बाबा प्लॅस्टिकची खुर्ची ओढून शेजारी बसले. शिफ्ट बदललेली होती, दुसरं काही करायचं नव्हतं.

“यात तू कुठली?”

“तो बंदूक धरलेला हात दिसतो ना, तो माझा.”

“अच्छा.” ते बघत राहिले. “आणि हा पळतो तो?”

“तो उदगीरचा आहे. परीक्षेला बसलाय.”

“मग का मारतेस त्याला?”

मी त्याला नवव्यांदा मारलं. मग दहाव्यांदा, गोदामाच्या त्याच भिंतीमागून. बाबा “अरे वा” म्हणाले. हळूच, पण म्हणाले. मग अकराव्यांदा मारलं.

तेवढ्यात नरसिंहाने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, ‘विंचू चीटर आहे हाहाहा.’

मी घाईने लिहायला लागले, दादा, काढ ते, लगेच काढ. पण चॅटमधलं काढता येत नाही. आणि मुरलीधर काका रविवारी पण जागेवर असतात. उदगीर यादीतून गेला. खाली ओळ आली: ‘नियम चार. सात दिवस.’

म्हणजे परत मंगळवार गेला.

“काय झालं?” बाबा म्हणाले. “पळून गेला?”

मी त्यांना पूर्ण सांगितलं. नियम, मशीन, चाकू, नरसिंहाची सही, निहार. निहारचं नाव घेताना थांबले, पण घर म्हणजे काही बोर्ड नाही. शेवटी बाबा म्हणाले, “तुझ्यावर आरोप झाला ना? मग ना हरकत तूच द्यायचीस.”

“हो.”

“मग दे की. अर्ज कर. विषय आधी लिही, वरती. लोक विषय लिहीत नाहीत आणि मग अर्ज पडून राहतो.”

मी विषय लिहिला: श्री. उदगीर यांच्यावरील बंदी कमी करण्याबाबत. बाबा म्हणाले, महोदय लिही. मी महोदय लिहिलं. खाली लिहिलं, त्यांनी माझ्यावर केलेला आरोप मस्करीत होता, माझी हरकत नाही, तीन दिवस बुधवारी संपतात म्हणून दोनच करावेत, मंगळवारी चार ते पाच त्यांना गरज आहे. बाबांनी दोनदा वाचून घेतलं, एक स्वल्पविराम टाकायला लावला. पाठवलं.

तीन मिनिटांनी उत्तर आलं. ‘अर्ज मिळाला. नमुना योग्य आहे. सोमवारी कार्यालयीन वेळेत विचार केला जाईल.’

“सोमवारी?” मी म्हटलं. “एवढ्याशा गोष्टीला?”

बाबांनी खुर्ची जागेवर नेऊन ठेवली. “सोमवार म्हणजे लवकर आहे,” ते म्हणाले.